आक्कांनी कमळला सोडवलं

पाळकसाहेब, मंडळी, सगळ्यांना सलाम. लांबलांबून आलात, काही जण भूमहून एस्टीनं आलात. मला अशा शोकसभेत बोलायची सवय न्हाय. पण एस्तेरआक्का माझी थोरली जाऊ. मी बोलले न्हाय तर कोण बोलंल?

दुष्काळाचं साल होतं. चारा न्हाय, पाणी न्हाय. आपल्या दूध सोसायटीत कमळ दुधात पाणी घालताना सापडली. म्हैस आटली होती तिची. सभासदांची बैठक बसली. चेअरमन म्हणाले, "हिला सोडलं तर उद्या सगळेच पाणी घालतील. कुणाला तरी काढावंच लागंल."

आक्का उठल्या. म्हणाल्या, "मग मला काढा. तिचं नाव राहू द्या."

आणि खरंच काढलं हो! सोसायटी उभी करायला ज्या दारोदार फिरल्या, त्यांनाच काढलं. मग आक्का डोक्यावर किटली घेऊन उन्हाची तामलवाडीच्या हॉटेलाला दूध घालायला जायच्या. कमळ सोसायटीत, आक्का रस्त्यावर.

मी जळले, मंडळी. लई जळले. मी कधी थेंबभर पाणी घातलं न्हाय. माझ्यासाठी कोण उठलं? आक्कांना तोंडावर विचारलं, "मी सख्खी जाऊ. ती तुमची कोण?"

म्हणाल्या, "लीया, पाळकसाहेब तारण तारण म्हणतात ना, ते असंच असतंय. मोल सोडवणाऱ्यानं भरायचं. सुटणाऱ्याला फुकट."

"आणि माझ्यासारखीला?"

"तुलाबी फुकटच की. तू मागत न्हाईस."

मला राग आला. मी कशाला मागू? माझं काय चुकलंय?

आक्का गेल्या तेव्हा त्यांचं डोकं कमळच्या मांडीवर होतं. मी उशाशी पाण्याचा पेला धरून उभी. तेव्हाबी मनात काय आलं? ही मांडी माझी का न्हाय? काल कबरीवर कमळनं माती टाकली, तर वाटलं, आधी माझी मूठ पडायला हवी होती. मेलेल्या माणसापाशीबी माझा हेवा सुटत न्हाय.

तेव्हा कळलं, आक्का काय मागायला सांगत होत्या.

प्रभू, मलाबी सोडव. अशीच हाय मी. अशीच घे.

उठा मंडळी. कमळ, तूबी ऊठ. आक्कांसाठी जरा वेळ कुणी काही बोलू नका.