नौफलचे चार खजूर

मोरोक्कोतल्या फेस शहरात, आमच्या गल्लीच्या सामायिक भट्टीवर घरून आणलेले पाव भाजून व्हायची वाट बघत होतो. शेजारच्या बाई मुलीला चित्रांचं पुस्तक दाखवत होत्या. कान मिटता येत नाहीत.

“शामा, नीट बघ. चित्रात माणसं किती?”

“चार. आई, बाबा, आजी आणि मुलगी. आपल्यासारखीच.”

“आणि परातीत खजूर वीस. प्रत्येकाला किती?”

“चार.”

“अगं, परवा शाळेत हेच चुकलीस! चार चोक?”

“सोळा.”

“मग उरलेले चार कुठे गेले?”

“ते नौफलदादाचे. तू नाही का रोज त्याची बशी मांडतेस, स्पेनहून आलाच तर असू दे म्हणून?”

“हे पुस्तकातलं घर आहे, बाळा. त्यांच्यातलं कुणी नावेत बसून गेलेलं नाही.”

“मग पाच.”

“शाब्बास.”

“पण आपल्याकडे चारच ना?”

“चारच. दादाचे सकाळी आजी दारी आलेल्या गरिबाला देते.”

“मला देते.”

“काय?”

“तू उठायच्या आत. सांगू नकोस म्हणालीये. बशीत उरलेले दिसले की तू रडतेस ना, म्हणून.”

भट्टीवाल्याने हाक मारली, “ज्यांचे पाव झाले त्यांनी न्या!” बाई जागच्या हलल्या नाहीत.

“म्हणजे तुला रोज आठ?”

“हो. रागावलीस?”

“नाही गं. आता एवढं सांग. दादाचे चार, आणि उद्यापासून खाणाऱ्या आपण दोघी.”

“दोन-दोन.”