ठोकून सरळ केलेली झाकणं

ओल्डा : ...म्हणून म्हणतो, तळघरातल्या शेल्फावरून माझ्या घरच्या बिअरची कुठलीही बाटली उचल. उद्या आपल्या रादकाच्या लग्नात ग्लासात दोन बोटं फेस उभा राहिला नाही, तर ओल्डा हे नाव लावणार नाही मी.

क्वेता : उचलून आणल्यात वर. ही घे. उघड.

ओल्डा : थांब. माझं नाणं कुठंय?

क्वेता : बाटली उघडायला नाणं कशाला?

ओल्डा : आधी झाकणावर नाणं ठेवायचं, मग ओपनर लावायचा. म्हणजे झाकण मधे वाकत नाही. पुन्हा वापरता येतं. किती वेळा सांगायचं तुला, क्वेता?

क्वेता : हे वापरूनच झालेलं आहे ना?

ओल्डा : मग काय झालं? पत्रा आहे तो, पत्रा! लोक एकदा वापरून फेकतात. नवी झाकणं विकत आणणारा माणूस मला तरी अजून पटलेला नाही.

क्वेता : उघड रे बाबा.

ओल्डा : उघडली.

क्वेता : कधी?

ओल्डा : आत्ता. तुझ्यासमोर.

क्वेता : मग आवाज कुठं आला?

ओल्डा : काही बाटल्या शांत स्वभावाच्या असतात.

क्वेता : ओत. अजून ओत. हा फेस? भांडी घासलेलं पाणी ओतलं तर याहून जास्त येईल, ओल्डा.

ओल्डा : एखादी निघतेच अशी. दुसरी दे.

क्वेता : ही पण गेलेलीच आहे. बघ, बुडबुडासुद्धा नाही. देवा! उन्हाळाभर लुबोशच्या गुत्त्यात नाणं घेऊन टेबलाटेबलावर हिंडलास. चार माणसं गप्पा मारत बसलीत, आणि हा मधेच, "थांबा, थांबा, मी उघडतो, हळू." पाद्रीबाबांनासुद्धा सोडलं नाहीस.

ओल्डा : त्यांचं झाकण फार छान निघालं होतं.

क्वेता : आणि घरी आणून उकळलंस कशात? माझ्या सूपच्या पातेल्यात! रविवारी माझ्या भावाच्या दाताखाली काय आलं?

ओल्डा : तो दात त्याचा आधीपासूनच हलत होता.

क्वेता : मग तिकडे शेडमध्ये ठाकठूक, ठाकठूक. मांजर घर सोडून गेलं.

ओल्डा : खुंटीवर बसवून, लाकडी हातोडीनं, कडेकडेनं एकेक सरळ केलंय मी. कला आहे ती. आणि हे बघ, काही झाकणं थोडा गॅस सोडणार हे मला ठाऊक होतं. तजवीज करून ठेवलीय मी.

क्वेता : कसली तजवीज?

ओल्डा : बाटलीत भरताना साखर दुप्पट घातली. म्हणजे गॅस दुप्पट होणार. निम्मा गळला तरी हवा तेवढा राहिलाच. डोकं लागतं याला.

क्वेता : आणि जी झाकणं गळत नाहीत, त्या बाटल्यांचं काय?

ओल्डा : त्या उघडताना जरा लांब धरायच्या.

क्वेता : मग ही माझ्याकडे तोंड करून का धरलीयेस? अरे थांब, उघडू नको, उघडू... ई!

ओल्डा : बघ! बघ! हा काय फेस!

क्वेता : छताला लागलाय तो!

ओल्डा : पण आला की नाही?

क्वेता : माझे पडदे! अरे, कोलाचे! टेबलभर खसखशीचे हे गोड पाव मांडून ठेवलेत, उद्या पाहुण्यांच्या हातात द्यायचे! तीन बायका दोन दिवस भाजत होतो आम्ही!

ओल्डा : वरचेच भिजलेत. खालच्या थराला काही झालेलं नाही. आणि खसखशीला बिअर चालते.

क्वेता : तू गप्प बस. साखरपुड्यात व्याह्यांनी तोंडानं सांगितलं होतं, तीन पिंपं मी पाठवतो, लग्नाची बिअर माझ्याकडून. बिअर बनवण्यात जन्म गेलाय त्या माणसाचा. तर हा उठला, ग्लास उंच धरला, आणि काय म्हणाला? "आमच्या मुलीच्या लग्नात कारखान्याची बिअर चालणार नाही." अख्खं टेबल गार पडलं.

ओल्डा : मग काय म्हणायला हवं होतं? बँड त्यांच्या ओळखीचा. गाडी त्यांची. हॉल त्यांच्या मेव्हण्याचा. बिअरही त्यांचीच. मग मी कोण त्या लग्नात? कोट घातलेला एक माणूस?

क्वेता : कोटही आखूड झालाय तुला. पण म्हणून वऱ्हाडाला तहानलेलं ठेवायचं?

रादका : आई, छतावरून काय गळतंय?

क्वेता : तुझ्या लग्नाची बिअर, बाळा.

रादका : बरं. बाबा, ह्या झाकणावर काय छापलंय?

ओल्डा : चष्मा नाही माझ्याकडे.

रादका : बेडूक आहे. हिरवा. माझ्या विटेकचे वडील काम करतात त्या कारखान्याचा बेडूक.

ओल्डा : लुबोशकडे तीच बिअर असते. त्याला मी काय करणार?

रादका : किती बाटल्यांवर आहे हा?

ओल्डा : काहींवर लिंबू सरबताचं झाकण आहे.

रादका : किती बाटल्यांवर बेडूक आहे, बाबा?

ओल्डा : बऱ्याच.

रादका : म्हणजे उद्या अख्खा कारखाना टेबलांवर बसणार. त्यांच्या हाताखालची माणसं, वरचे साहेब, सगळे. बेडूक बघणार, विश्वासानं उघडणार. निम्म्यांना गोड पाणी, निम्म्यांना आंघोळ. आणि नाव माझ्या सासऱ्यांचं.

क्वेता : अरे देवा. हे माझ्या डोक्यातच नाही आलं.

ओल्डा : झाकणं रंगवतो मी. पत्र्यावर रंग लगेच वाळतो.

क्वेता : व्याह्यांना फोन लाव.

ओल्डा : निळा रंग आहे शेडमध्ये, कुंपणाचा...

क्वेता : ओल्डा, फोन लाव!

ओल्डा : लावतोय, लावतोय. हॅलो, हाव्रानेकसाहेब? ओल्डा बोलतोय. हो, मजेत. हो, हवा मोठी छान पडलीय.

क्वेता : हवेचं नाही, पिंपांचं बोल.

ओल्डा : हो, क्वेता नमस्कार सांगतेय. नाही, मी म्हटलं, उद्याचं ते हॉलमधलं टेबल जरा डुगडुगतंय. तर त्याला टेकू म्हणून काहीतरी जड, गोलसर असं तुमच्याकडे...

रादका : बाबा!

ओल्डा : ...भरलेलं असलं तर उत्तमच. काय? हो. हो, तीन टेकू चालतील. बरं. बरं, हाव्रानेकसाहेब. ठेवतो.

क्वेता : काय म्हणाले?

ओल्डा : पिंपं गाडीतच आहेत. सकाळीच चढवली. इकडेच निघालेत.

क्वेता : सकाळी? फोन तर तू आत्ता केलास.

ओल्डा : म्हणाले, साखरपुड्यात तुम्हाला झाकणावर नाणं ठेवताना पाहिलं, तेव्हाच पिंपं राखून ठेवली.

रादका : हसले का?

ओल्डा : नाही. मी नीट कान देऊन ऐकलं. हसले नाहीत. म्हणाले, पिंपाला तोटी ठोकायची ती मुलीच्या बापानंच. पहिला ग्लास तुमच्या हातचा, म्हणाले. त्याशिवाय कुणी प्यायचं नाही.

क्वेता : नशीब काढलंस तू, रादके.

ओल्डा : हातोडी कुठंय माझी? लाकडी नाही, मोठी. आणि तो चामड्याचा एप्रन.

क्वेता : लग्न उद्या आहे, ओल्डा.

ओल्डा : हात बसायला हवा.

रादका : गाडी आली वाटतं. बघून येते.

क्वेता : जा. आणि तू तो स्टूल घे, छत पूस आधी. वर बघून पूस, माझ्याकडे बघून नको. अरे, ते फडकं कोलाच्यांवर पिळू नकोस!

ओल्डा : एका हातानं पुसतोय ना, दुसऱ्यात हातोडी आहे.

क्वेता : मग ती खाली ठेव! काय माणूस आहे! रादका, आलीस? व्याह्यांना आत बोलाव ना, बाहेर का उभे केलेस?

रादका : ते तळघराच्या जिन्यात आहेत. विटेक पिंपं खाली नेतोय. गार राहावीत म्हणून.

क्वेता : तळघरात? अगं, तिथं बाटल्यांचं शेल्फ आहे!

रादका : होतं.

ओल्डा : होतं म्हणजे?

रादका : पहिलं पिंप पायरीवरून सुटलं. थेट शेल्फात गेलं. बऱ्याच बाटल्या एकदम उडाल्या. कुणाला लागलं नाही. विटेक भिजलाय.

ओल्डा : सगळ्या गेल्या?

रादका : वास चांगला येतोय, बाबा.

ओल्डा : येतोय ना? मी म्हटलं होतं.

क्वेता : आणि पिंप? पिंपाचं काय झालं?

रादका : तोंड तुटलं त्याचं. मोकळं झालंय.

क्वेता : मग इथं काय उभी आहेस? बाकीची दोन वरच ठेवा म्हणावं! पळ!

रादका : विटेक! बाकीची दोन वरच राहू दे! वरच!

ओल्डा : हा कसला आवाज?

रादका : एक राहिलंय वर.