तिन्ही एकच सांगतात तेव्हा

सभेचे अध्यक्ष रायगोंडा आण्णा, व्यासपीठावरचे मान्यवर, साखर कारखान्यातले कामगार बंधू आणि निपाणी-बेळगावाहून आलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

इंजिनिअर जिनपाल पुण्याला निघालेत, त्यांच्या निरोपाला आज आपण जमलोय. मी वाचनालयातली पुस्तकं वाचून शिकलेली बाई. कॉम्प्युटरवर मी काय बोलावं? पण बॉयलरवर बोलू शकते.

चौऱ्याहत्तर साली माझे मालक कल्लाप्पा इथल्या बॉयलरवर होते. पाणी दाखवणाऱ्या काचा दोन होत्या. एक चुकली तर दुसरी. पण दोन्हींना खालून नळी एकच. ती गाळानं तुंबली. आतलं पाणी संपलं तरी दोन्ही काचा भरलेल्या दिसत राहिल्या. कोरडा बॉयलर फुटला. त्या पाळीवरून ते घरी आले नाहीत. आता तिथं माझा मुलगा भरमू उभा राहतो.

बॉयलर कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं तेव्हा मी जिनपालांना गाठलं. म्हणाले, "आक्का, एकाच कामाचा प्रोग्रॅम तीन गट वेगवेगळा लिहिणार. दोघांचं जुळेल ते यंत्र ऐकणार."

"आणि तिघं सारखंच चुकले तर?"

"म्हणून तर त्यांना एकमेकांशी बोलू द्यायचं न्हाय."

पण आपल्याकडं डबा एकट्यानं खायची रीत आहे का? तिन्ही गट दुपारी एकत्रच बसायचे. भाकरीबरोबर अडचणीही वाटून घेतल्या. चाचणीत तिन्ही प्रोग्रॅम तंतोतंत जुळले. सगळे खूश, जिनपालांना मात्र शंका आली. चौकशी केली, डब्याचं कळलं आणि त्यांनी दोन प्रोग्रॅम रद्द केले.

मॅनेजर म्हणाले, "अवो, तिन्ही एकच सांगत्यात, मग अडलंय कुठं?"

"तिथंच अडलंय, साहेब."

"हंगाम तोंडावर आलाय. आता जेवणावर पण पहारा ठेवणार काय?"

"व्हय. एक गट बेळगावात, एक निपाणीत. वाटेत गाठ पडलीच तर ऊसपाण्याचं बोला म्हणावं."

नव्यानं लिहिलेले दोन प्रोग्रॅम जुन्याशी एका जागी भांडले. पाणी मोजणारी तार तुटली, की जुना शेवटचं पाणीच खरं धरून बसे. नवे आग बंद करत. पहिले तिन्ही तसेच ठेवले असते, तर तिघांनीही पाणी आहे असंच सांगितलं असतं.

हंगाम लांबणीवर पडला. लोकांनी जिनपालांना नावं ठेवली, बढतीही हुकली. त्यांनी मात्र सही केली ती भांडण मिटल्यावरच.

भरमू आज सभेला नाही. आत्ता पाळीवर आहे, बॉयलरपुढं. पूर्वी त्याच्या पाळीला मी उंबऱ्यावरून उठत नव्हते. आज इथं येऊन चहा घेतला, तुमच्यापुढं निवांत बोलते आहे. जिनपाल, माझ्याकडून याहून मोठा सत्कार होणार नाही.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. कुणाचा मान राहून गेला असेल, शब्द उणाअधिक झाला असेल, तर पोटात घाला.