न तपासलेला कॅन

परवा नोकरी गेलीच असं समजून मी डबासुद्धा पिशवीत भरला होता! दूध संकलन केंद्रावर दूध तपासायचं काम माझं. ते चालू असतानाच सासूबाईंचा फोन, “चिऊला ताप चढलाय.” मी लेकीच्या काळजीनं बोलत राहिले आणि हमाल नामदेवकाकांनी एक कॅन तसाच टाकीत ओतला. तो नासका असता तर अख्खी टाकी वाया.

आधीचे साहेब सगळ्यांदेखत पाणउतारा करायचे. त्यांच्या काळात मी गप्पच बसले असते. नव्या शेखसाहेबांना मात्र सांगून टाकलं.

“लगेच बोललात, बरं केलंत,” ते म्हणाले. “टाकी थांबवा, नमुना घ्या. उद्यापासून तपासणीला दोघं जण ठेवू. घरून फोन येणारच की.”

नमुना चांगला निघाला. मी डबा पिशवीतून परत बाहेर काढला.

हे सगळं बघून नामदेवकाका पुढे आले. “साहेब, माझं बी एक सांगायचं ऱ्हायलंय. आधीच्या साहेबांच्या गाडीची हवा मीच सोडायचो.”

साहेब दचकले. “आणि माझ्या?”

“न्हाई ओ. तुमी अजून तशी येळच आणली न्हाई!”