जर्सीवरचा चिखल

पेठेच्या तालमीतून वाढलेला फुटबॉल क्लब आता व्यावसायिक झाला होता आणि आज त्याच्या मुलींच्या संघाची पहिलीच मॅच होती. तिकिटाच्या रांगेत दहावीतली रक्षिता उभी होती. तिच्या पुढं नऊवारीतली एक आजी आणि आजीच्या पुढं एक मिशीवाला. त्यानंच वळून आजीला छेडलं, तसे रक्षितानं कान टवकारले.

“आजी, फुटबॉलातलं काय कळतंय तुमास्नी?”

“चाळीस वर्सं क्लबच्या जर्स्या धुतोय की मी, पावणं!”

“धुणं म्हंजे खेळ न्हवं.”

“गोलकीपरची जर्सी उजव्या अंगालाच मळायची. म्हटलं, लेकरा, तू डावीकडं झेपच घेत न्हाईस. फायनलला घेतली त्यानं. पेनल्टी अडवली, कप आला!”

“मग मॅचा लई बघितल्या असशीला?”

“एकबी न्हाय. मॅचच्या वक्ताला मी जर्स्या धुवायला चुलीवर पाणी तापवत असायचो.”

“आणि आज?”

“आज गोलात माझी नात हाय.”

“तिची जर्सी कोण धुणार मग?”

“तिची ती धुवंल. मी बघाय आलोय!”

मिशीवाला बाजूला झाला. “व्हा पुढं, आजी.”

रक्षितानं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की अख्खी रांग वळून बघायला लागली.