उन्हाच्या आधी पळायचं

मी मंदा. माझा जन्म कांद्यातलाच म्हना. लासलगावपासून थोड्या अंतरावर आमचं गाव, त्यात बौद्धवाड्यातलं शेवटचं घर आमचं, घराच्या मागं भिंतीला लागूनच उसाचं रान. आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची, सडका बाजूला, बारका बाजूला, चांगला गोनीत, आन मला तिथंच लिंबाला झोळी बांधून टाकायची. पलीकडं मार्केटात लिलाव चालायचा, बोली बोलनाऱ्याचा आवाज एका लयीत वर जायचा, खाली यायचा, त्या आवाजावर मी झोपायचे. अजून बी दुपारी डोळा लागला का मला त्यो आवाज येतो, आन कांद्याची टरफलं दिसतात, लाल, पातळ, उन्हातून आरपार दिसनारी, वाऱ्यानं हळूहळू चाललेली, कुठं चालली तेच कळत नाय. काय सांगू तुम्हाला ताई, सपनात बी मला नाकात कांदाच येतो.

मंग मोठी झाले तशी मी बी खळ्यावरच. नवरा मार्केटात हमाल व्हता, लय मायाळू मानूस, पोरगी चौथीत असताना त्याला कावीळ झाली आन गेला. मंग मी आन माझी सुजाता, दोघीच. उन्हाची मला कधी भीतीच वाटली नाय बघा. सगळा जन्म उन्हात गेला, भ्यायचं काय? पदराच्या गाठीला एक कांदा बांधायचा, ऊन कांदा वढून घेतो, आपल्याला लागत नाय, असं आई म्हनायची, तिची आई बी म्हनायची. हमाल, ड्रायव्हर, सगळे खिशात कांदा ठेवायचे. आन आमच्याकडं कांद्याला काय तोटा.

सुजाता लहानपनापासून पळायची. दुकानात पाठवली तर पळत जायची, पळत यायची, हातातलं तेल सांडायची, मार खायची, परत पळायची. बारावी झाली आन म्हनली आई, मी पोलीस भरतीला उतरनार. आठशे मीटर पळायला लागतं म्हनली. मी म्हनलं पळ बाई, त्यात काय, तू तर पोटातून पळतच आलीस. बूट घेतले तिनं, निळ्या पट्ट्याचे. पहाटं पाच वाजता उठायची, पाटाच्या कडेच्या रस्त्यानं पळायला.

आन त्याच साली आमच्याकडं बिबट्या आला. आम्ही वाघच म्हनतो त्याला. निफाडकडं उसात लय असतात ते. आधी मळ्यातलं वासरू नेलं, मंग एक दिवस आमच्याच दारातलं कुत्रं गेलं, साखळी तेवढी राहिली. ती साखळी मी काढलीच नाय ताई, तशीच दारात राहू दिली. मी म्हनलं सुजे, पहाटं जायचं नाय. ती म्हनली, आई ऊन व्हायच्या आत पळावं लागतं, सगळे तसंच करतात. मी म्हनलं, मंग संध्याकाळी? तर संध्याकाळी बी तेच भ्या, दिवस बुडाला का त्यो निघतो. ती काय ऐकंना. मंग मी काय केलं, हसू नका, तिचे बूट रोज झोपायच्या आधी कांद्याच्या गोनीत घालून ठेवायला लागले. पहाटं ती उठायची, चाचपायची, शोधायची, मी गोधडीत डोळे मिटून पडलेली. उजाडलं का मीच काढून देयाची, म्हनायची अगं हे काय, इथं व्हते. तवर पानी भरायचं, भाकरी करायच्या, तिला निघायला दहा-अकरा वाजायचे. मी म्हनायची, भरती काय सावलीत घेत्यात का? मुरू दे ऊन अंगात. आन तिच्या खिशात एक कांदा घालायची. वाघ दिसतो ना, म्हनून त्याची भीती वाटती. ऊन कोनाला दिसतं?

वैशाख व्हता. त्या दिवशी खळ्यावर माल कमी, म्हनून मी दुपारच्या आत घरी निघाले. पाट कोरडा, रस्त्यावर चिटपाखरू नाय, आन लांब डांबरावर ऊन असं हलत व्हतं, पान्यासारखं. त्या पान्यातून माझी पोरगी येत व्हती. पाय जमिनीला लागलेले दिसतच नव्हते. वाऱ्यावर चालल्यासारखी, हळू, एकदम हळू. आन मी काय केलं ताई, मी थांबले आन बघत राहिले. म्हनलं किती गोजिरी दिसती माझी पोर. तेवढा वेळ मी नुसती बघत उभी व्हते, ते मला आज बी खातं.

मंग कळलं का ती सरळ येतच नाय. या कडंनं त्या कडंला जाती, झोपेत चालल्यासारखी. मी हाक मारली, तिनं बघितलं नाय. आन बाभळीच्या अलीकडं बसली, बसली ती आडवीच झाली. मी पळत गेले, हात लावला तर अंग तव्यावानी तापलेलं, आन घामाचा एक थेंब नाय. डोळे अर्धे उघडे, वठात काहीतरी बोलत व्हती, माझ्याशी नाय, दुसऱ्याच कोनाशी. मी तिच्या खिशातला कांदा काढला, दातानं फोडला आन तळपायाला चोळायला लागले. तेवढंच येत व्हतं मला. चोळत बसले आन रडत बसले, सुजे उठ, सुजे उठ.

तेवढ्यात पान्याचा टँकर आला. उन्हाळ्यात वस्त्यांना पानी पुरवतात त्यो. ड्रायव्हर म्हातारा मानूस, त्यानं वरूनच बघितलं आन खाली उडी टाकली, ओरडला, ए बाई, कांदा काय चोळतीस, पोरगी जळायली तुझी. आन टँकरचा पाईप सोडला तिच्या अंगावर. डोक्यावर, मानंवर, काखंत, पायावर. मी तोंडात पानी घालायला गेले तर हात धरला माझा, म्हनला शुद्धीत नाय ती, तोंडात नको, ठसका बसंल. पुढं वस्तीवर बाया हंडे घेऊन उभ्या असतील आन हितं भर वैशाखात रस्त्यानं पानी वाहत व्हतं, कोरड्या पाटात उतरत व्हतं. खरं सांगते, एवढ्यात बी माझ्या मनात आलं, केवढं पानी चाललं वाया. मंग त्यानं गोनपाट भिजवून तिच्या अंगावर टाकलं, दोघांनी उचलून केबिनीत घातली, खिडक्या उघड्या, मी पानी शिंपडतीय, त्यो गाडी हाकतोय, दवाखाना येईस्तवर हॉर्नवरचा हात काढला नाय.

डॉक्टरीनबाई लय बोलल्या मला. मावशी, कांद्यानं काय व्हतं का, म्हनल्या. तहान लागायच्या आधी पानी प्यायचं, घाम आला का मीठ-साखरेचं पानी, पळायचं ते पहाटं, ऊन अंगात मुरवायचं असलं तर थोडं थोडं, एकदम नाय. आन डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं, का तिथंच थांबायचं, सावलीत जायचं, अंग भिजवायचं. थांबन्यात लाज नाय, म्हनल्या. मी नुसती मान हलवत व्हते. त्यांना कुठं माहिती, बूट कोन लपवत व्हतं ते.

सुजाता शुद्धीवर आली तर हसली. म्हनली, आई, मी पंचवटीला गेले व्हते. एकदा लहानपनी भाजीबाजाराला गेलो व्हतो बघ, नदीवर, तिथं. तू पान्यात पाय सोडून बसली व्हतीस आन म्हनत व्हतीस, ये, पानी गार हाय. आन मी येतच व्हते, आई, लय गार वाटत व्हतं. मी भिताडाकडं तोंड केलं. मला ते ऐकवंना. असल्या नदीवर मी पोरीला बोलावत व्हते का काय.

घरी आलो तवा मी बूट तिच्या म्होरं ठेवले आन म्हनलं, सुजे, मी लपवायचे. ती म्हनली, मला माहीत व्हतं. बुटाला कांद्याचा वास यायचा ना. म्हनलं, मंग बोलली का नाय? म्हनली, तू साखळीकडं बघत बसायचीस दारात. कसं बोलनार?

मंग डॉक्टरीनबाई हो म्हनेस्तवर तिनं पाय घराबाहेर टाकला नाय. आन हो म्हनल्यावर मी बी निघाले तिच्यासंगं. पहाटं, ओचा खोचून, एका हातात बॅटरी, गळ्यात ओला रुमाल, काखंत ताट आन पळी. ती म्होरं पळायची, मी मागून ताट वाजवत. गावातली लोकं म्हनायची, मंदाबाईला याड लागलं. आधी मी चालायचे, चालता चालता कधी पळायला लागले मलाच कळलं नाय. मंग वाड्यातल्या आनखी तीन पोरी आल्या, मंग मळ्यातल्या दोन. पहाटंचं धुकं, उसाचा वास, पोरींच्या श्वासाचा आवाज, सगळं झोळीतल्यासारखं वाटायचं मला. एकदा त्यो दिसला बी. पाटाच्या भरावावर बसलेला, बॅटरीत डोळे चमकले. आम्ही सगळ्या जागच्या जागी, एकमेकींना धरून. त्यो उठला, आळस दिला आन उसात गेला, एक पान हललं नाय. मला वाटलं, ह्याला बी ऊन व्हायच्या आत घरी जायचं असंल.

भरतीच्या पहिल्या खेपंला तिचं नाव नाय लागलं. दुसऱ्या खेपंला लागलं. आता नाशकात द्वारकेच्या चौकात उभी असती, ट्रॅफिकला, ह्या असल्या उन्हात. मी पंधरा दिवसाला एसटीनं जाते, डबा घेऊन. मागच्या महिन्यात तिच्या खोलीवर वर्दी धुवायला घेतली तर खिशातून कांदा पडला. एवढासा. मी त्यो उचलून तिच्या म्होरं धरला. म्हनलं, सुजे, ह्यानंच तर तुला मारत व्हते मी, टाक त्यो. ती म्हनली, उन्हासाठी नाय ठेवत गं. पानी पिते मी, टोपीखाली ओला रुमाल असतो, गरगरलं का जोडीदाराला सांगून सावलीत जाते. ह्यो वासासाठी. चौकात गाड्यांचा गोंगाट असतो ना आई, खिशात हात गेला, वास आला, का वाटतं तू मागून पळत येतीस, ताट वाजवत.

आता मीच निवडून देते. दर खेपंला एक, बारका, घट्ट, टिकनारा. सगळा जन्म कांदे निवडन्यात गेला ताई, पन असा हातात फिरवून फिरवून एक कांदा कधी निवडला नव्हता.

आमचं अजून चालू हाय पहाटंचं, पोरी नव्या, मी जुनीच. पळू द्या पोरींना, लांब लांब जाऊ द्या, फक्त पानी पिऊन जाऊ द्या. आन तुम्ही बी निघा आता, दहा वाजत आले. थांबा, तांब्या भरून आनते. सगळा प्या, मंग निघा.