पाठमोरा शर्ट

—न्हाई, ओरडायला न्हाई हाक मारली तुला, बाळा. बस की ओट्यावर. साईराज न्हवं का तू? वखारीवर लाकडं फोडतोस, सांजचं ह्याच बोळातनं घरला जातोस — ठावं हाय मला. तुझा शर्ट बघायचा हुता. शर्टच. जुना हाय म्हणतोस? व्हय, जुनाच हाय. बाजारात जुन्या कापडाच्या ढिगातनं घेतलास — मग बरोबर. आता ही पिशवी बघ. ह्यात नवा हाय, तुझ्या मापाचा, कॉलरला बारीक पट्टी, आताची पोरं घालत्यात तसला. ह्यो घे आन् अंगातला मला दे. का म्हणून इचारू नकोस. — इचारलंसच. बरं.

ह्याला पोलो म्हणत्यात हे आमच्या घरात पैल्यांदा माझ्या दिरानं सांगितलं. कुवेतला हुता. तिकडनं एक आणला, हिरवा, मधाच्या पोळ्यागत वीण, हात फिरवला की खरखर लागायची. कॉलर ही एवढी रुंद, हात कोपरापतुर, आत आणखी एक माणूस मावंल असा ढगळ. लग्नाला, फोटोला तीन भाऊ आळीपाळीनं घालायचे. पण मागची बाजू पुढच्यापरीस चार बोटं लांब. म्या म्हणलं, एवढ्या लांबनं आणला आन् शिवणाऱ्यानं वाकडा शिवलाय. ईदच्या आदल्या दिवशी मशीनवर बसले, मागचं कापलं, पुढच्याला जुळवलं, कडंच्या फटी बुजवल्या. आमचे हे — कुतुबुद्दीन, दर्जीच हुते — दुकानातनं आले आन् कपाळाला हात लावून बसले. दीर तसाच घालून नमाजाला गेला. तवापासनं आमच्या घरात जो पोलो आला त्यो मी सरळ केला. अख्ख्या रहिमतपुरात मागनं सरळ पोलो आमच्याच घरचा. लोक हसायचे. हसू देत.

मग नातू मोठा झाला. झिशान. त्यानं मोबाईलात बघून मला शिकवलं — दादी, ती चूक न्हाई. आदी टेनिस खेळणारी लांब हाताचे ताठ सदरे घालायची. मग फ्रान्सच्या एका गड्यानं हात तोकडे केले, मऊ कापड घेतलं, मान भाजू नये म्हणून कॉलर उभी, आन् वाकलं की शर्ट पँटीतनं निघू नये म्हणून मागनं लांब. घोड्यावर बसून चेंडू मारणाऱ्यांनी त्योच उचलला, म्हणून पोलो. म्या म्हणलं, तू कुठल्या घोड्यावर बसणार हाईस? हसला. म्हणाला, "कर सरळ, दादी. गर्दीत हरवलो तर तुला मागनं वळखता येईल."

आन् गर्दी तरी केवढी झाली बघ. दिराचा एक शर्ट तीन माणसांत फिरायचा, आता पंपावरचा पोलोत, बँकेतला पोलोत, जत्रेला अख्खं मंडळ एका रंगात, पाठीवर नावं छापून. कापड माशागत बुळबुळीत, हात दंडात रुतलेले, कॉलर नावाला. झिशानला खंडाळ्याकडं कंपनीत काम लागलं तर तिथंबी पोलोच — करडा, सगळ्यांना एकसारखा. त्योबी म्या सरळ केला. मग हायवेला ट्रक… दवाखान्यात गेलो तर व्हरांड्यात त्याच्या बरोबरची पोरं, सगळी करड्या शर्टात, पाठमोरी. कुणी काय सांगंना. मी एकेकाच्या मागनं गेले. एकबी शर्ट सरळ न्हवता. तवा कळलं मला. डॉक्टर नंतर बोलला.

चाळीसावा दिवस झाला, कपडे वाटून टाकले. ठेवायचे नसत्यात, बाळा, गेलेल्याचे. तुझ्या अंगातला ह्यो निळाबी त्यातच गेला. संपलं म्हणलं. आन् एक दिवस त्यो बोळातनं चालत आला की रं. फिरदोस — त्याची आई, माझी सून — खिडकीत हुती. आत गेली आन् भाकरी घेऊन बसली. त्यो गेल्यापासनं तिनं आपणहून घेऊन खाल्लंय कवा, मला आठवत न्हाई. आता रोज वाट बघती. तू गेलास की जेवती, नाव त्याचं घेती. म्या माझ्या मनालाच म्हणलं, सलिमा, हे बरं न्हवं, पोरगी हातातनं जाईल, शर्ट मागून घे, फाडून पायपुसणं कर. म्हणून हाक मारली. तिच्यासाठी.

तिच्यासाठीच. मी कशाला — मी तर दारात सहज बसती. पैल्या दिवशीच हाक मारणार हुते तुला. तोंड उघडलं तर नाव त्याचंच आलं. तू वळला न्हाईस. बरं केलंस. वळला असतास तर तुझं तोंड दिसलं असतं.

काढतोस? थांब. बटणाला हात लावू नकोस. आतनं बोलतीय ती… ऐकलंस? इचारतीय, अम्मी, आला का म्हणून.

— व्हय गं. आलाय. निघालाच हाय, खिडकीत ये.

ऊठ. पिशवीबी ने, नवा कुठं सणासुदीला घाल. तिकडं बघू नकोस. जा — आन् सावकाश जा, त्यो कवा घाई करत न्हवता.